हंगाम संपतो, आजार संपत नाही

(मेडशी, जि. वाशीम येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या जिल्ह्याच्या शिवारात आज सोयाबीनने मोठी जागा व्यापली असली, तरी कापसाशी वऱ्हाडाचे नाते तुटलेले नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिनिंगची यंत्रे सुरू होतात आणि अनेक घरांची चूल त्या हंगामावर पेटते. त्या यंत्रापाशी राबणारा मजूर तापाने फणफणला, तर त्याची मजुरी बुडते. हा केवळ मालकाच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न नाही. कायद्यानेच या मजुराला वगळले आहे.

प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४च्या अहवालाच्या पायावर १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५४ मध्ये ही योजना नागपुरात आली. आजारी विमाधारक कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम देणारी ही व्यवस्था. परंतु पहिल्याच कलमाने ‘हंगामी कारखाने’ तिच्याबाहेर ठेवले, आणि त्यांच्या यादीत पहिले नाव कापूस जिनिंगचे! पुढे साखर, गूळ, चहा. परिणामी, नागपूरच्या गिरणीत सूत कातणाऱ्याला संरक्षण लाभले. रुई तयार करणारा मात्र उघड्यावर राहिला.

कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार याच कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या परिशिष्टात नोंदलेला होता. म्हणजे रोग कायद्याला ठाऊक, रोगी मात्र अनोळखी!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिनेही ही वगळणूक कायम ठेवली. भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम करण्याची अट नव्या श्रमसंहितेने १८० दिवसांवर आणली, हे स्वागतार्हच. पण पाच महिन्यांच्या हंगामात १८० दिवस भरायचे कसे?

चार-सहा महिन्यांपुरत्या मजुरांची नोंद ठेवणे १९४८ मध्ये अवघड होते, हे मान्य करू. आज ती अडचण उरलेली नाही. शिवाय विमा योजनेचा एक अंशदान-काळ ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे बहुतांशी जिनिंगचाच हंगाम आहे. त्यात ७८ दिवसांचे अंशदान भरणारा कामगार पुढील जुलै ते डिसेंबर या काळात आजारपणाच्या लाभास पात्र ठरतो.

खर्चाचा प्रश्न निघेल. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. रोजी ५०० रुपये धरली, तर मालकाचे सव्वासोळा रुपये आणि मजुराचे पावणेचार. जिनिंगचा धंदा तेजी-मंदीचा आहे, हे मी जाणतो. पण सव्वासोळा रुपये वाचवण्यासाठी एखाद्या घराने सावकाराचा उंबरा झिजवावा, हे आपल्या समाजाला शोभणारे नाही.

म्हणून या सूट-यादीचा फेरविचार व्हावा, अशी मागणी ग्रामसभेपासून संसदेपर्यंत गेली पाहिजे. ती केवळ मजुरांनी करायची नाही. ज्यांच्या अंगावर सुती वस्त्र आहे, त्या प्रत्येकाचे ते कर्तव्य आहे.