घटकाभराचे चित्र
(मंडळाच्या बालीगंज येथील मेळाव्यात केलेले भाषण)



चित्रकलेवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे आपण विचाराल. आम्ही केंद्र सरकारचे सेवक आणि शिक्षणाने साधे बी. ए. परंतु पाठकोऱ्या कागदावर चेहरे रेखाटण्याची खोड जुनी आहे.

घटकाभरात माणूस कागदावर उतरवायचा, तर साधनाचा स्वभाव ओळखावा लागतो. शिसपेन्सिल चुकलेली रेघ पोटात घालते. कोळशाच्या कांडीच्या टोकाने रेघ मिळते आणि कडेने सावली, म्हणून ती चपळ. मात्र बाही लागली की चेहरा पुसला. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. तो एकदा झाकला की परत येणे कठीण. तैलरंग सावकाश वाळतात, दुरुस्तीला सवड देतात. पण बैठका मागतात.

साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून १८९७ साली निवृत्त झालेले सत्येंद्रनाथ ठाकूर पुढे याच बालीगंजात स्टोअर रोडवर राहत. त्यांचे धाकटे बंधू ज्योतिरिंद्रनाथ. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' बंगालीत आणणारे ते हेच. समोर आलेल्या माणसाला पेन्सिलीने टिपण्याचा त्यांना छंद होता. ५ मे १८८९ रोजी शिलाईदह येथे त्यांनी वृद्ध लालन फकिराला असेच रेखाटले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरात, लालन गेला. त्याच्या हयातीत काढलेले तेवढेच एक चित्र मागे राहिले. ज्योतिरिंद्रनाथ त्या दिवशी तैलरंगांसाठी थांबले असते, तर?

आम्ही थांबलो. मातोश्री येथे राहावयास आल्या असता त्यांचे मोठे तैलचित्र काढावे, असे मनात होते. कॅनव्हासही आणला. "रजा मिळाली की बसू," असे आम्ही म्हणत असू. "मी का कुठे पळून चालले आहे?" असे त्या हसून म्हणत. रजा मंजूर होण्यापूर्वी त्या गावी परतल्या आणि पाठोपाठ त्यांच्या निधनाचा निरोप आला. कॅनव्हास कोराच आहे.

आज आमच्यापाशी आहे ते, त्या तांदूळ निवडीत असता दहा मिनिटांत टिपलेले पेन्सिलचित्र. एक कान काढावयाचा राहिला. पण मान कलती करून ऐकण्याची लकब तीच. नातवंडे लगेच ओळखतात.

छायाचित्रे आता घरोघरी भरपूर निघतात. परंतु ती घेताना आपण माणसाकडे क्षणभर पाहतो. रेखाटताना दहा मिनिटे पाहावे लागते. तेव्हा गावाहून वडीलधारी मंडळी आली, की हाताशी असेल ती पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसा. चेहरा साधला नाही तरी चालेल. खाली नाव व तारीख मात्र अवश्य घाला.