ढगात व्होल्ट किती?



मृगाआधी मालवणच्या समुद्रावर ढग गडगडतात.
होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात.
त्या ढगात व्होल्ट किती असतील?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे सुनील गुप्ता आणि त्यांचे सहकारी,
उटीला वैश्विक किरणांचा अभ्यास करत होते.
हे किरण दूर अवकाशातून येतात.
हवेवर आदळतात.
त्यातून म्यूऑन नावाचे कण तयार होतात.
ते आपल्या अंगातूनही सतत आरपार जातात.

१ डिसेंबर २०१४.
उटीवर गडगडाटी ढग आला,
आणि त्याच्या व्होल्टेजमुळे खाली पोचणारे म्यूऑन कमी झाले.
त्या घटीवरून ढगातलं व्होल्टेज काढलं:
सुमारे १३० कोटी व्होल्ट!
पुन्हा सांगते, १३० कोटी.

हे काम मला फार मोलाचं वाटतं.
विमानं, फुगे ढगाचा एखादाच भाग मोजतात.
म्यूऑन मात्र अख्खा ढग पार करून येतात.