धुरा, कुंपण आणि मोजणी

केळापूर तालुक्यात धुऱ्याचा वाद बहुधा वखराच्या पाशीने सुरू होतो. दोन वावरांमधला धुरा दर हंगामात दोन्ही अंगांनी थोडाथोडा खरवडला जातो. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत हद्दीचे दगड कलतात, बुजतात, आणि काही वर्षांनी रेषा नेमकी कुठून जाते हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास त्यात भर पडते ती रोही आणि रानडुकरांची. कपाशी-तूर वाचवायला तारेचे कुंपण लागतेच. पण धुरा होता तोवर खपून गेलेली दोन हातांची चूक सिमेंटच्या खांबांनी पक्की होते. म्हणून आधी मोजणी, मग खांब. (तारेत चोरून वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसेही मेली आहेत.)

भांडणात पहिल्यांदा पुढे येतो तो सातबारा. पण सातबारा धारक आणि क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. हद्द असते ती भूमी अभिलेख कार्यालयातल्या नकाशात आणि टिपणात. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीची. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. ढोबळ हिशेबात एकराचे ४० आर धरतात, प्रत्यक्षात एकर ४० आरपेक्षा सुमारे ४७ चौरस मीटर मोठा असतो. शेजाऱ्याने दाबली असे वाटणारी जमीन कधीकधी या आकडेमोडीतच हरवलेली असते.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे करायचा, सातबारा आणि फी जोडून. सहधारकांना आणि लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. कापसाची उलंगवाडी होऊन पऱ्हाटी निघाल्यावरचा काळ यासाठी सर्वांत बरा, कारण उभ्या पिकात रेषा धरता येत नाही आणि नुकसानीचा नवा वाद निघतो. भूकरमापक फक्त भांडणातला धुरा मोजत नाही. आजूबाजूच्या गटांतले जुने दगड, नाला, विहीर अशा खुणा पकडून तो मोजमाप नकाशाशी जुळवतो आणि हद्द दाखवतो. शेजाऱ्याने त्या दिवशी गैरहजर राहणे हा सर्वांत वाईट डाव: मोजणी त्यामुळे अडत नाही, फक्त त्याचे म्हणणे नोंदवले जात नाही. हरकत असेल तर ती जागेवरच जबाबात लिहून द्यावी. नंतर मिळणारी मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हा जपून ठेवायचा कागद. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी करून घेता येते. तिला निमताना म्हणतात.

मोजणी हद्द दाखवते, ताबा काढून देत नाही. हा गैरसमज फार आहे, आणि ‘क’ प्रत हातात आली म्हणून शेजाऱ्याचे खांब उपटणारा स्वतःच पोलीस ठाण्यात अडकतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १३८ प्रमाणे, हद्द रीतसर ठरल्यावर चुकीचा ताबा काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. एरवी वाट दिवाणी न्यायालयाची. बारा वर्षे वहिवाटले की जमीन आपोआप आपली होते, हेही खरे नाही. मूळ मालकाचा हक्क नाकारून उघडपणे केलेला अखंड ताबा न्यायालयात सिद्ध करावा लागतो. कुंपणाने बैलगाडीची वाट अडली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावे.

पट्टी हातभर असेल तर कोर्टापेक्षा तडजोड स्वस्त. तंटामुक्त गाव समितीपुढची समजूत उपयोगी असते. पण साध्या स्टॅम्पपेपरवरच्या सह्यांनी जमिनीचा हक्क बदलत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. दोघांचा ताबा बारा वर्षांपासून एकमेकांच्या जमिनीवर असेल, तर जानेवारी २०२३ च्या सलोखा योजनेत अदलाबदलीचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी नाममात्र एक हजार रुपये ठेवली आहे. मुदत चालू असल्याची खात्री दुय्यम निबंधकाकडे करावी. एकतर्फी अतिक्रमणाला मात्र ही योजना लागू नाही.

केळापुरात गोंड आणि कोलाम शेतकरी बरेच असल्याने एक पायरी आणखी आहे. आदिवासी धारकाची जमीन बिगरआदिवासीकडे जात असेल, तर अदलाबदलसुद्धा जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली हस्तांतरणच ठरते. शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी नसेल, तर दोघे राजी असूनही तो व्यवहार टिकत नाही.