पटावरील नांवें

शाळेची योग्यता तिच्या पटावरून ठरविण्याचा प्रघात जुना आहे. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मुलांस शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठेविला. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम झाला. पटावर सारा गांव यावा, हा हेतु होता.

परंतु पट निराळा व हजेरी निराळी. शिक्षकांची संख्या पटावर ठरते; म्हणून नसलेलीं मुलेंही कोठें कोठें पटावर चढतात. २०११ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली, तेव्हां हें उघडकीस आलें.

बीडकडील ऊसतोड कामगारांची गोष्ट वेगळी. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यांकडे निघतात. मुलाचें नांव गांवच्या पटावर राहतें आणि मूल उसाच्या फडांत. अशा मुलांकरितां गांवींच हंगामी वसतिगृहें चालवितात. तेथें जेवणाची सोय झाली, तर मूल आजीपाशीं मागें राहूं शकतें.

श्रोतेहो, पट किती, हें अधिकारी विचारतीलच. नागरिकांनीं विचारावें तें एवढेंच: आज कोणत्या नांवाला ‘हजर’ असें उत्तर आलें नाहीं, आणि तें मूल कोठें आहे?