हिमरूची उलटी बाजू

पॅरिस, मिलान, लंडन आणि न्यूयॉर्क येथें वर्षांतून दोनदां येत्या ऋतूचे पोशाख मांडले जातात. दूरच्या शहरांतील आवडही पुष्कळदां त्यांच्यामागें चालते. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, हिमरू मात्र निराळी कसोटी सांगतो. त्याचा ताणा सुती, बाणा रेशमी. उजव्या बाजूस वेलबुट्टी उठते. मागें मोकळ्या राहिलेल्या रेशमी धाग्यांचा मऊ थर जमतो आणि थंडींत शालीला ऊब येते. ही ऊब चित्रांत दिसत नाहीं. ती हातालाच कळते. हातमागावर हिमरू विणणारे आज थोडेच उरले आहेत आणि यंत्रमागावरील नक्कल स्वस्त मिळते. म्हणून शाल घेणाऱ्यानें ती एकदां उलटून पाहावी, मगच आपली आवड ठरवावी. त्या आवडीवरच हे माग चालतात.