गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी
(आय.टी.आय.च्या मुलांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



मी वक्ता नाही. बत्तीस वर्षे फिटर म्हणून काम केले, तेवढेच मला येते. म्हणून छोटा वर्म गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी कसा खोलावा, एवढेच आज सांगणार आहे. आपल्यातली बरीच मुले अशाच कामावर जाणार आहेत.

पाना उचलण्याआधी गिअरबॉक्सवर भार आहे का ते बघा. 'वर्म उलटा फिरत नाही' हे वाक्य प्रत्येक कारखान्यात ऐकू येते. साठास एक अशा मोठ्या गुणोत्तराला ते बहुधा खरे ठरते. पण धक्के बसत असतील तर तेथेही भरवसा नको. दहास एक असेल तर मुळीच नको. १९८८ साली आम्ही एका बकेट एलिव्हेटरचा दहास एकचा गिअरबॉक्स उतरवत होतो. बादल्या भरलेल्या होत्या. फ्यूज काढले आणि आम्हाला वाटले, झाले. सारा भार मोटरच्या ब्रेकवर उभा आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. कपलिंगचे बोल्ट निघताच बादल्या मागे धावल्या, गिअरबॉक्सकडचे कपलिंग गरकन फिरले आणि माझ्या मदतनिसाची दोन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. आधी बादल्या रिकाम्या कर, नाहीतर साखळीने बांध, हे त्याला मी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, आणि त्या कागदावर माझे नाव कोठेच नव्हते.

असो. तेल काढा, पण लगेच फेकू नका. काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरा. सोनेरी चकाकी दिसली तर वर्म व्हीलचे ब्राँझ झिजते आहे. चुंबकाला चिकटणारा कीस पोलादाचा. संशय बेअरिंगवर किंवा वर्मवर. तेल दुधट झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. सील गळत असेल तर वरचा ब्रीदर पाहा. तो धुळीने बुजला की आतली तापलेली हवा सीलमधूनच वाट काढते, आणि तुम्ही घातलेले नवे सीलही गळते. मग मालक म्हणतो, फिटर कच्चा!

झाकण उघडण्यासाठी फटीत छिन्नी घालू नका, तोंड खराब होते. झाकणाखालचे पातळ पत्रे, म्हणजे शिम, डाव्या बाजूचे एका तारेत आणि उजव्या बाजूचे दुसऱ्या तारेत ओवा. त्यांच्यावरच बेअरिंगची ढिलाई आणि चाकाची जागा ठरते. ते मिसळले तर चाक वर्मच्या मध्यावर बसत नाही आणि महागडे नवे चाक लवकर खाल्ले जाते. जोडताना दातांना निळा रंग लावून, हाताने फिरवून, ठसा कोठे उमटतो ते पाहा.

शाफ्टवरचे बेअरिंग पुलरने काढा, ओढ आतल्या कड्यावर द्या. नवे बसवताना तेलात सुमारे १०० अंशांपर्यंत तापवा. गॅसची ज्योत लावू नका.

बाहेर पडवीत एक जुना गिअरबॉक्स आणून ठेवला आहे. चहा झाला की तिकडे या. पाने दोनच आहेत, आळीपाळीने खोलू.