अंगणातील हिरवळ



घरापुढील हिरवळ म्हणजे साहेबाच्या बंगल्याची चैन, असा आपला समज असतो. वास्तविक आपल्याकडील पुष्कळशी हिरवळ ही आपल्या हरळीचीच असते. पूजेत तिला दूर्वांचा मान आहे. शेतकरी मात्र तिला शेतातून काढताना मेटाकुटीस येतो, कारण मातीत राहिलेल्या एखाद्या कांडीतूनही तिला नवा कोंब फुटतो. शेतात नकोसा वाटणारा हा चिवटपणा अंगणात आपल्या कामी येतो. असे असूनही पुष्कळ घरांपुढील हिरवळीस थोड्याच वर्षांत टक्कल पडू लागते. याचे कारण बहुधा कापणीच्या रीतीत सापडते.

पान हे गवताचे स्वयंपाकघर होय. सूर्यप्रकाशात तेथे तयार झालेल्या अन्नावर मुळे पोसतात. वारंवार कापण्याचा कंटाळा म्हणून आपण गवत वीतभर वाढू देतो आणि मग एकदम जमिनीसरसे छाटतो. त्यामुळे मुळांची वाढ खुंटते, माती उघडी पडते आणि तेथे तण शिरते. म्हणून एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक गवत कापू नये. हिरवळ ४ सेंटिमीटर राखावयाची असेल, तर ती ६ सेंटिमीटर होताच यंत्र फिरवावे. पावसाळ्यात ही वेळ आठवड्या-आठवड्याला येते. थंडीत पुष्कळ उशिराने. पाते धारदार असावे. बोथट पात्याने पान फाटते आणि शेंडे करपल्यासारखे दिसतात. ओले गवत कापू नये. कापलेले बारीक तुकडे तेथेच पडू द्यावेत. त्यांतील नत्र जमिनीस परत मिळते.

पावसाच्या आरंभी चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत पातळ पसरावे. कच्च्या शेणखतामुळे हुमणीचा उपद्रव वाढतो. लव्हाळा दिसताच तो खुरप्याने गाठीसकट काढावा. आंब्या-फणसाच्या दाट सावलीत हरळी तग धरत नाही. तेथे तिचा हट्ट धरू नये.

आता पाण्याविषयी. बेळगावकडे पावसाळ्यात ही चिंता नसते. खरा प्रश्न एप्रिल-मे महिन्यांत उभा राहतो. रोज शिंपडलेले थोडे पाणी वरच्या मातीतच राहते आणि मुळेही वरच घुटमळतात. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पहाटे, पाणी खोल मुरेल असे द्यावे. परंतु हिशेब पाहा: १०० चौरस मीटर हिरवळीवर २५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे, तर एका खेपेस २,५०० लिटर लागतात! गल्लीतील बायाबापड्या घागरी घेऊन नळापाशी ताटकळत असताना आपल्या अंगणात फवारा उडावा, हे शोभत नाही.

अशा वेळी हिरवळ खुशाल पिवळी पडू द्यावी. उन्हाळ्याच्या तोंडी ती थोडी उंच राखावी, पुढे कापणी थांबवावी आणि तिच्यावरून फारशी ये-जा करू नये. वरची पाने वाळली, तरी जमिनीखालील कांड्या जिवंत असतात. मुळे सशक्त असतील, तर पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्यांना पुन्हा कोंब फुटतात. ही मुळे सशक्त व्हावयाची, तर वर्षभर बेताने कापणी केली पाहिजे. पावसाळ्यात यंत्र नेमाने आणि हलक्या हाताने चालविणाऱ्यास वैशाखात नळाच्या पाण्यासाठी कोणाशी स्पर्धा करावी लागत नाही.